पुराचा अंदाज लोकांच्या हाती कधी द्यायचा?

सांगलीत पावसाळ्यात दोन आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ फुटांवर गेली की धोका. साताऱ्यात त्याच दिवसांत वेगळे आकडे चर्चेत असतात. कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरला चोवीस तासांत किती मिलिमीटर पडला, कोयनेच्या शिवसागर जलाशयात १०५.२५ टीएमसीपैकी किती भरलं, वक्र दरवाजे किती फुटांनी उचलले, पायथा वीजगृहातून किती क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटतंय. वरच्या अंगाला जे घडतं त्याचं फळ खालच्या अंगाला काही तासांनी दिसतं. त्या काही तासांत ‘उद्या सकाळी पुलाखाली किती फूट असेल’ याचं भरवशाचं उत्तर मिळालं, तर धान्याची पोती माडीवर जातात, जनावरं गावाबाहेर उंचावर जातात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना रात्रीच्या अंधारात होडीत बसावं लागत नाही.

असं उत्तर देणारं सॉफ्टवेअर आपल्याकडे आहे. जलसंपदा विभागाने कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी नदीच्या प्रवाहाचा आगाऊ अंदाज देणारी आणि धरणांच्या परिचालनाला मदत करणारी प्रणाली उभी केली. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या आणि २०१४ मध्ये संपलेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातलं हे काम. गणिती प्रारूपाची बाजू डेन्मार्कच्या डीएचआय या संस्थेकडे होती. खोऱ्यात जागोजागी बसवलेली पर्जन्यमापकं आणि पातळीमापकं आपोआप माहिती पाठवतात, त्यावर प्रारूप चालतं आणि पुढच्या काही तासांचा, दिवसांचा अंदाज निघतो. त्या प्रणालीला गुण देणं हा या लेखाचा हेतू नाही. मला एक प्रश्न नीट उलगडून सांगायचा आहे: पुराचा अंदाज देणारं सॉफ्टवेअर लिहून झालं, स्क्रीनवर आलेख हलायला लागले, तरी ते वापरायला तयार झालं हे ठरवायचं कसं, आणि ठरवायचं कुणी?

बँकेचं ॲप असो की वीजबिलाचा प्रोग्राम, हा प्रश्न प्रत्येक सॉफ्टवेअरच्या वाट्याला येतो. पुराच्या बाबतीत तो उघडा दिसतो, म्हणून हे उदाहरण घेतलं. तयार म्हणजे निर्दोष, अशी समजूत करून घेतली तर कुठलंच सॉफ्टवेअर कधीच बाहेर पडणार नाही. मी तयार कशाला म्हणतो ते आधीच सांगून टाकतो. आज लोक ज्या पद्धतीवर विसंबून आहेत तिच्यापेक्षा, अडचणीच्या नेमक्या घटकेला, ते सॉफ्टवेअर बरं ठरलं पाहिजे. त्यातले उरलेले दोष कोणते आणि ते कुणाला भोवतील हे माहीत असलं पाहिजे. आणि ते कोसळलं तर जुन्या वाटेने परत येता आलं पाहिजे.

आधी प्रोग्रामच्या पोटात काय असतं ते पाहू, कारण चाचणी त्यावरच बेतावी लागते. पहिला भाग पावसाचा: सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या पाण्यातलं किती जमिनीत मुरेल आणि किती ओढ्यात येईल. जूनच्या पहिल्या पावसात बरंच मुरतं, ऑगस्टमध्ये जमीन तुडुंब असताना तेवढाच पाऊस जवळजवळ सगळाच वाहून येतो. दुसरा भाग धरणांचा. तिसरा नदीचा: संगम माहुलीला वेण्णा मिळते, पुढे उरमोडी, तारळी, कऱ्हाडला कोयना, ब्रह्मनाळजवळ येरळा, आणि हे सगळं पाणी सांगलीपर्यंत यायला लागणारा वेळ. खरी गोम त्याच्याही पुढे आहे. सांगली ओलांडली की हरिपूरला वारणा कृष्णेत येते, आणखी खाली नृसिंहवाडीला पंचगंगा. या दोघी दुथडी भरून वाहत असल्या की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगवटा येतो. म्हणजे वरून येणारा विसर्ग तोच असला तरी आयर्विनची पातळी कधी बेचाळीस असेल, कधी शेहेचाळीस. फक्त वरचा पाऊस आणि वरची धरणं मोजणारा प्रोग्राम इथे हमखास चुकणार. खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणामुळे सांगलीत किती पाणी चढतं हा वाद जुना आहे आणि त्यात मी इथे शिरत नाही, पण नदीच्या खालच्या टोकाला पातळी काय धरली आहे हे प्रोग्रामला कुठेतरी स्पष्ट सांगावंच लागतं.

तयारी ठरवण्याचं पहिलं काम चाचण्या सुरू होण्याआधीचं आहे. अटी लिहून काढायच्या, त्याही निकाल हाती येण्यापूर्वी. निकाल पाहून अटी लिहिल्या की त्या निकालाच्या मापाच्या होतात, हा अनुभव या धंद्यातल्या प्रत्येकाला आहे. अट मोजता येईल अशी हवी. उदाहरणादाखल: ‘पातळी ३० फुटांच्या वर आणि चढती असताना, बारा तास आधी दिलेला अंदाज दहापैकी नऊ वेळा एका फुटाच्या आत हवा.’ यात ३० का, ४० का नाही? कारण सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट यांसारख्या सखल वस्त्यांत पाणी शिरायला ४० फुटांची वाट पाहावी लागत नाही. इशारा पातळी हा शासकीय टप्पा आहे. सर्वांत खालच्या घराचा उंबरा हा त्या घरातल्या माणसाचा टप्पा आहे. अट कुठल्या फुटावर लावायची हे संगणकवाल्यांनी ठरवायचं नसतं, ते महापालिका आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या माणसांकडून यावं लागतं. माझ्या मते निम्मी रिलीज याच कागदावर बिघडतात. अटी ज्याने लिहिल्या त्याला नदी ठाऊक नसते आणि ज्याला नदी ठाऊक असते त्याला कुणी विचारलेलं नसतं.

मग येते जुन्या पुरांची चाचणी. कृष्णाकाठाने २००५, २००६, २०१९ आणि २०२१ असे मोठे पूर पाहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनला पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या घरात गेलं, जुलै २०२१ मध्ये ५४ फुटांच्या वर. प्रारूपातले आकडे बसवताना, म्हणजे जमीन किती पाणी पिते, नदीचा तळ किती खडबडीत वगैरे, यांतले काही पूर वापरले जातात. चाचणी मात्र न वापरलेल्या पुरावरच घ्यायची. जी उदाहरणं वर्गात सोडवून दिली तीच परीक्षेत घातली तर पोरगं हुशार आहे की पाठांतर चांगलं आहे हे कळायचं कसं? २००५ आणि २००६ वर बसवलेलं प्रारूप २०१९ वर चालवून पाहायचं, आणि तो निकाल प्रमाण मानायचा.

इथे आणखी एक फसगत होते, आणि ती फार सफाईदार असते. २०१९ चा पूर आज संगणकावर चालवताना ६ ऑगस्टला, ७ ऑगस्टला प्रत्यक्ष किती पाऊस पडला हे आपल्याला माहीत असतं. ते आकडे प्रोग्रामला दिले की अंदाज सुरेख जुळतो. पण ५ ऑगस्टच्या संध्याकाळी नियंत्रण कक्षात बसलेल्या अभियंत्याकडे पुढच्या दोन दिवसांचा पाऊस नव्हता, फक्त हवामान खात्याचं पूर्वानुमान होतं. म्हणून जुन्या पुराची चाचणी घेताना घड्याळ खरोखर मागे न्यावं लागतं. त्या क्षणी जे माहीत होतं तेवढंच प्रोग्रामला द्यायचं: त्या वेळचं पूर्वानुमान, त्या वेळचा धरणसाठा, त्या वेळेपर्यंत आलेल्या नोंदी. उशिरा पोचलेली नोंदही उशिराच द्यायची. अशी चाचणी घेतली की सुरेख जुळणारे आलेख बरेच विस्कटतात, आणि विस्कटलेला आलेख हाच खरा असतो.

निकाल वाचतानाही सावध राहावं लागतं. ‘वर्षभरातली सरासरी चूक चार इंच’ असं वाक्य अहवालात आलं तर मी ते बाजूला ठेवीन. वर्षातले बहुतेक दिवस कृष्णा शांत असते. त्या दिवसांत कुणीही चार इंचांच्या आत सांगेल. प्रोग्रामची झुंज एका अगदी साध्या प्रतिस्पर्ध्याशी लावून पाहावी: ‘आत्ता जेवढं आहे तेवढंच सहा तासांनी असेल.’ हे वाक्य काही न मोजता म्हणता येतं आणि नदी संथ बदलत असल्याने ते बहुतेक वेळा बरोबरही निघतं. जेव्हा पाणी तासाला अर्धा अर्धा फूट चढत असतं तेव्हाच ते तोंडघशी पडतं. तेवढ्याच तासांत आपला प्रोग्राम या वाक्यापेक्षा किती सरस आहे ते पाहायचं. बाकीच्या तासांचे गुण धरूच नयेत.

पुढची पायरी, पूर्वी न घडलेलं घडवून पाहणं. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सोलापूरकडच्या काही भागांत एवढा पाऊस पडायला वर्ष लागतं. २०२० साली जर कुणी प्रोग्रामला ५९४ हा आकडा दिला असता तर त्याने काय केलं असतं? काही प्रोग्राम ‘हा आकडा अशक्य आहे, यंत्र बिघडलं असेल’ असं ठरवून तो गाळून टाकतात, कारण लिहिणाऱ्याने सदहेतूने वरची मर्यादा घातलेली असते. म्हणजे सर्वांत मोठ्या पावसाच्या दिवशीच प्रोग्राम पाऊस नाही असं धरून चालतो. युरोपच्या एरियान ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण ४ जून १९९६ ला चाळीस सेकंदांच्या आत उद्ध्वस्त झालं, त्याचं मूळ याच जातीचं होतं. दिशादर्शनाचा एक भाग आधीच्या एरियान ४ मधून जसाच्या तसा घेतला होता. जुन्या रॉकेटच्या मार्गात आडव्या वेगाचा एक आकडा कधी तेवढा मोठा होतच नसे. नव्यात झाला, तो त्याला दिलेल्या जागेत मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. प्रोग्राम वर्षानुवर्षं बिनचूक चालला होता, पण तो दुसऱ्या रॉकेटवर. तेव्हा चाचणीत महाबळेश्वरला ६०० द्या, ८०० द्या, आयर्विनला ६० फूट द्या. उत्तर चुकलं तरी चालेल, पण प्रोग्रामने गप्प बसता कामा नये.

सगळ्यात जास्त वेळ मी ज्या चाचणीवर देईन ती मोठ्या पावसाची नाही, रिकाम्या रकान्याची आहे. पावसाचा जोर वाढला की डोंगरातलं एखादं केंद्र बंद पडतं: वीज जाते, रेंज जाते, सौर पॅनेलला आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. समजा नवज्याचं केंद्र पहाटे तीनला बंद पडलं. नोंदींच्या तक्त्यात तीननंतर काय दिसतं? जागा रिकामी असेल तर ठीक. पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने रिकाम्या जागी ० भरला असेल तर तक्ता सांगतो की नवज्यात पहाटे तीनपासून पाऊस थांबला. पाऊस कोसळतोय, धरणात आवक वाढतेय आणि प्रोग्रामच्या मते उघडीप आहे. या एका शून्याने सांगलीचा अंदाज दोन-दोन फुटांनी खाली येऊ शकतो, आणि स्क्रीनवर सगळं हिरवं दिसत राहतं. तिसराही प्रकार असतो: यंत्र बंद न पडता अडकतं आणि तासन्‌तास तोच आकडा पाठवत राहतं. म्हणून खऱ्या पुराच्या नोंदी घ्याव्यात आणि एकेक केंद्र मुद्दाम मारून पाहावं. आधी नवजा, मग कोयनानगर, मग दोन्ही एकदम. एकदा नोंद गाळून, एकदा गोठवून. दर वेळी दोन गोष्टी तपासायच्या: अंदाज किती ढळला, आणि ‘अमुक केंद्राची माहिती येत नाही’ हे प्रोग्रामने स्वतःहून सांगितलं का. दुसरी गोष्ट घडत नसेल तर त्या सॉफ्टवेअरला मी एकही गावकरी वाचेल अशा ठिकाणी जाऊ देणार नाही.

याला एक हिशेबी पडताळाही आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. ते चोवीस तासांत वाहून जायचं तर सतत सुमारे ११,५७४ क्युसेकचा प्रवाह लागतो. दिवसभरात कोयनेचा साठा पाच टीएमसीने वाढला असेल तर आवक ही सोडलेल्या पाण्यापेक्षा सरासरी ५७,८७० क्युसेकने जास्त असलीच पाहिजे. पावसावरून प्रोग्रामने काढलेली आवक याच्या आसपास नसेल तर कुठलं तरी पर्जन्यमापक खोटं बोलतंय. धरणावरचे लोक हा हिशेब पूर्वीपासून कागदावर करत आलेत. प्रोग्रामने तो दर तासाला स्वतः करावा.

लहानसहान वाटणाऱ्या गोष्टींत दुसरी मोठी जागा म्हणजे फूट आणि इंच. आयर्विनची पातळी फूट-इंचांत बोलली जाते. चव्वेचाळीस फूट नऊ इंच हे घाईत कुणी ४४.९ असं लिहितो, आणि तासाभराने दोन इंच पाणी चढलं की ४४.११. माणसाला ते बरोबर कळतं. प्रोग्रामच्या लेखी मात्र ४४.११ हा ४४.९ पेक्षा लहान आकडा. म्हणजे नदी उतरायला लागली! धोक्याच्या रेषेला एक इंच उरलेला असताना पडद्यावर उतरता बाण. उपाय सोपा आहे, फूट आणि इंच यांचे रकाने वेगळे ठेवायचे. पण हा दोष टेबलावर बसून सापडत नाही. नोंद करणाऱ्या माणसाने रात्रपाळीत भिजलेल्या हातांनी आकडा कसा टिपला, हे बघितल्यावर सापडतो. तशीच भानगड ‘दिवस’ कुठे सुरू होतो याची. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ, धरणाची रोजची नोंद सकाळी आठची, आणि संगणकाची तारीख बदलते रात्री बाराला. तिन्ही एकाच तक्त्यात आणली की काही तासांचा पाऊस दोनदा मोजला जातो किंवा एकदाही नाही.

पूर हा फक्त पावसाने ठरत नाही, हेही चाचणीत उतरायला हवं. कोयनेतून, चांदोलीच्या वारणा धरणातून किती सोडायचं हा माणसांनी घेतलेला निर्णय असतो आणि तो दर काही तासांनी बदलतो. प्रोग्रामने ३० हजार क्युसेक धरून अंदाज दिला आणि मध्यरात्री ५० हजारांचा हुकूम निघाला, तर आधीचा अंदाज चुकला असं म्हणता येत नाही, तो शिळा झाला. म्हणून प्रत्येक अंदाजाच्या खाली ‘विसर्ग इतका धरला आहे’ असं छापलेलं हवं. हे न छापणं मी गंभीर दोषात धरतो.

एवढ्या चाचण्यांनंतर दोषांची यादी लांबलचक होते. व्हायलाच हवी. यादी किती लांब आहे याला महत्त्व नाही. एखाद्या गावाचं नाव नकाशावर चुकीचं पडलंय, छापताना आलेखाचा रंग फिका येतो, यांसारखे पन्नास दोष घेऊनही रिलीज करता येतं. रिकाम्या जागी शून्य भरणारा एक दोष असेल तर करता येत नाही. प्रत्येक दोषापुढे इतकंच लिहायचं: हा घडला तर कुणाचं काय बिघडेल, आणि त्या माणसाला दोष घडल्याचं कळेल का. चुकीचं उत्तर देऊन गप्प राहणारा दोष सर्वांत वर. प्रोग्राम सरळ बंद पडणं त्याच्या खाली, कारण बंद पडलेलं दिसतं आणि माणूस फोन उचलतो.

यानंतर एक पावसाळा मुका चालवायचा. प्रोग्राम खऱ्या माहितीवर रोज चालतो, अंदाज वेळेच्या शिक्क्यासह साठवले जातात, पण निर्णय जुन्याच पद्धतीने होतात: फोन, बिनतारी संदेश, पुलावरच्या खुणा आणि नियंत्रण कक्षातल्या जाणत्या माणसाचा अंदाज. ऑक्टोबरात दोन्ही समोरासमोर ठेवायचे. यात अडचण एकच. २०२३ सारखा कमी पावसाचा हंगाम आला तर नदी पात्रातच राहते आणि मुक्या हंगामातून पुराविषयी काहीच शिकायला मिळत नाही. अशा वर्षी ‘चार महिने एकही चूक नाही’ या वाक्याला भुलू नये. त्यातून एवढंच सिद्ध होतं की प्रोग्राम चार महिने बंद पडला नाही. तेही उपयोगाचं आहे, पण अटींच्या कागदावर ती खूण वेगळ्या ओळीवर करायची.

तारखेचं काय? सॉफ्टवेअरच्या जगात दोन घराणी आहेत. डेबियन ही लिनक्सची मुक्त आवृत्ती तयार होईल तेव्हाच बाहेर पडते. गंभीर दोष बाकी असले तर थांबते. तिची ३.१ ही आवृत्ती याच हट्टापायी आधीच्या आवृत्तीनंतर जवळजवळ तीन वर्षांनी, जून २००५ मध्ये आली. तिच्यावरच बेतलेली उबुंटू दर वर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरात येतेच. जे तयार नसेल ते मागे राहतं. कृष्णाकाठी दुसरंच घराणं चालेल, कारण मृग कुणासाठी थांबत नाही. तारीख हलत नसेल तर व्याप हलवायचा. कोयना ते कऱ्हाड या टप्प्यात गुंतागुंत कमी आहे, तो भाग तयार असेल तर यंदा तेवढाच द्यावा. हरिपूरच्या फुगवट्याचं गणित बसलं नसेल तर सांगलीचा अंदाज आणखी एक हंगाम मुका ठेवावा. आणि मे संपला की नवीन काही जोडायचं नाही. त्यानंतर हात लावायचा तो फक्त गंभीर दोष काढायला, तोही सगळ्या जुन्या चाचण्या पुन्हा चालवून. पुराच्या तोंडावर केलेली ‘छोटीशी सुधारणा’ ही मला या साऱ्या कामातली सर्वांत धोक्याची गोष्ट वाटते.

देतानाही एकदम सगळ्यांना द्यायचं नसतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभर एकदम पोचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले; विमानतळांवर रांगा लागल्या. आधी थोड्या संगणकांवर पाठवून तासभर वाट पाहिली असती तर नुकसान तेवढ्यावर थांबलं असतं. पुराच्या अंदाजाची उतरंड अशी असावी: आधी नियंत्रण कक्षातले अभियंते, मग जिल्हाधिकारी कार्यालय आणि महापालिका, मग नदीकाठच्या ग्रामपंचायती, शेवटी प्रत्येकाच्या मोबाइलवर. प्रत्येक पायरीवर चुकीचा अर्थ लावणारा माणूस बदलतो. अभियंत्याला ‘४३ ते ४६ फूट’ म्हणजे काय ते समजतं. घरातला माणूस त्यातला एकच आकडा लक्षात ठेवतो, बहुधा आपल्याला हवा तो. म्हणून शेवटच्या पायरीआधी चार-दोन गावांत संदेश वाचून दाखवावा आणि विचारावं, हे ऐकून तुम्ही काय कराल? उत्तर आकड्याशी जुळलं नाही तर संदेश बदलायचा.

परतीची वाटही चालून बघायला हवी. पुरात वीज आणि रेंज नेमकी तेव्हाच जाते. तेव्हा एका कोरड्या दिवशी, ठरवून, सर्व्हर बंद करावा आणि नियंत्रण कक्षाने सहा तास जुन्या पद्धतीने काम करून दाखवावं. पर्जन्यमापकावर माणूस पोचतो का, वह्या आहेत का, फोन नंबर चालू आहेत का, पुलावरचे फुटांचे आकडे रंगवलेले आहेत का. नवं सॉफ्टवेअर आलं की जुन्या कामाचा हात दोन-तीन वर्षांत मोडतो आणि ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. मागची आवृत्ती परत चढवायला किती मिनिटं लागतात तेही घड्याळ लावून मोजावं.

आता प्रश्न होकाराचा. ज्याने प्रोग्राम लिहिला त्याने होकार देऊ नये, आणि ज्याला उद्घाटनाची घाई आहे त्यानेही देऊ नये. होकाराचा पहिला हक्क रात्री दोन वाजता त्या पडद्यासमोर बसणाऱ्या शाखा अभियंत्याचा. त्याला सरळ विचारावं: ‘साहेब, यावर विसंबून तुम्ही गाव उठवाल का?’ तो अडखळला तर का अडखळला ते लिहून घ्यायचं. चाचण्यांतून निसटलेलं बरंच काही तिथे सापडतं. मग कार्यकारी अभियंता आणि आपत्ती व्यवस्थापन यांनी अटींचा कागद समोर ठेवून एकेका ओळीवर सही करायची. एखादी अट पूर्ण झाली नसेल आणि तरी पुढे जायचं असेल तर तसं नाव घालून लिहायचं.

आणि थांबण्याचीही किंमत असते, हे त्या बैठकीत कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं. चुकीचा अंदाज दिला तर बोट दाखवायला सगळे येतात. बरा अंदाज कपाटात ठेवला म्हणून कुणाला जाब विचारला जात नाही. त्यामुळे सरकारी खात्याचा काय, खासगी कंपनीचा काय, कल थांबण्याकडेच झुकतो. दोन चुकाही सारख्या नाहीत. पाणी येणार म्हणून घरं रिकामी केली आणि आलं नाही, तर लोक वैतागतात आणि पुढच्या वेळी हलायला नाखूश असतात. हे नुकसान खरं आहे आणि मोजलं पाहिजे. पण ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून जे घडलं, ते पाणी चढल्यावर बाहेर पडण्याची वेळ आल्यामुळे घडलं. चार तास आधीचा, एका फुटाने चुकणारा अंदाजसुद्धा अशा गावाला पायी बाहेर पडण्याची सवड देतो. जुनी पद्धत त्या चार तासांत काहीच सांगू शकत नसेल, तर प्रोग्राम अपुरा असूनही तो बाहेर आणण्याच्या बाजूने मी मत देईन, त्याचा अपुरेपणा ठळक छापून.

ही छपाई म्हणजे आवृत्तीसोबत जाणारं टिपण. ते एका पानाचं असावं, मराठीत असावं आणि नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर लागावं. त्यात काय नवीन आहे यापेक्षा कशावर विसंबू नये हे आधी यावं: आयर्विनला अमुक फुटांच्या वर हा अंदाज तपासलेला नाही, वारणा आणि पंचगंगा एकाच वेळी पुरात असताना चूक वाढते, नवजा आणि कोयनानगर दोन्ही केंद्रं बंद असतील तर अंदाज वापरू नका, या नंबरवर फोन करा. खाली तारीख आणि मुदत. मुदत एकाच पावसाळ्याची, कारण पूर येऊन गेला की पात्रात गाळ बसतो, काठ खचतो, कुठे नवा पूल उभा राहतो, कुठे भराव पडतो, आणि अमुक पातळीला अमुक विसर्ग हे जुनं कोष्टक तसंच्या तसं लागू पडत नाही. दिवाळीनंतर नदीचे छेद पुन्हा मोजायचे, नव्या पुराची भर घालून सगळ्या चाचण्या पुन्हा चालवायच्या, आणि मेमध्ये अटींचा कागद परत टेबलावर घ्यायचा.